धन टोक बॉडीला

मार्चमधल्या एका शनिवारी नवरा गाडीखालून बाहेर आला, हात पुसले, स्टुलावर बसला आणि गेला. गॅरेजच्या मालकीणबाईंनी मला फोन केला. मी बसने गेले. रुग्णवाहिका दारात उभी होती आणि तिचं इंजिन बंद होतं.

ती गाडी कोणती, हे मी लिहिणार नाही. नाव लिहिलं की तिचे चाहते जमतात, आणि इतकी कंटाळवाणी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. इंग्लंडमध्ये बनलेली, दोन आसनांची, कापडी टपाची, एवढं पुरे. असल्या गाड्या पावसात गळतात आणि उन्हात तापतात. दोघांबरोबर तिसरी पिशवी न्यायची झाली तर ती कोणाच्या तरी मांडीवर ठेवावी लागते. याला स्पोर्ट्स कार म्हणतात.

नवरा रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तिथे यंत्रांचे हात मिनिटाला एक या वेगाने गाड्या पुढे सरकवतात. आठवड्याचे पाच दिवस तो हे पाहायचा आणि सहाव्या दिवशी, शहराबाहेरच्या भाड्याच्या गॅरेजात, एका गंजलेल्या बोल्टवर अख्खी दुपार घालवायचा. असं अकरा वर्षं चाललं. मी फोन करायचे, "अरे, जेवायला येतोस ना?" तो म्हणायचा, "आलोच. एकच बोल्ट राहिलाय." त्या एका बोल्टवर मी किती वेळा भात पुन्हा गरम केला, ते सांगत नाही.

गाडी अमेरिकेतून कंटेनरने आली होती. कोणा म्हाताऱ्याच्या शेडमध्ये तीस वर्षं कोंबड्यांच्या सोबत उभी होती म्हणे. ती आली तेव्हा तिच्यात दाराखालच्या पट्ट्या नव्हत्या, बसायच्या जागा नव्हत्या आणि तळाला एवढी भोकं होती की खालचं गवत दिसत होतं. नवऱ्याने ती पूर्ण उघडली. प्रत्येक भाग सुटा केला, धुतला, पिशवीत घातला आणि पिशवीवर कागदी चिकटपट्टी लावून मराठीत चिठ्ठी लिहिली. मराठीत का? भावनेने नव्हे. त्याच्या वडिलांची सवय त्याला लागली होती. वडील भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे उघडलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधायची आणि ज्याने उघडलं त्यानेच ते बंद करायचं, असा रिवाज होता. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते. त्याच्या चिठ्ठ्या पाहून मला हसू यायचं. ना क्रमांक, ना क्रम. एका पिशवीवर "डावं दार, वरची बिजागरी". दुसरीवर "हा स्क्रू कुठला ते नंतर आठवेल". नोंदीचा हा काय प्रकार?

गाडीचा इतिहास मला पाठ आहे. तो शिकायची इच्छा होती म्हणून नव्हे. अकरा वर्षं तो आमच्या जेवणाच्या टेबलावर बसत असे. हे मॉडेल साठच्या दशकात निघालं आणि जवळपास त्याच रूपात अठरा वर्षं विकलं गेलं. कारखान्याकडे नवं काही काढायला पैसा नव्हता, याला चाहते 'अभिजात घाट' म्हणतात. सुरुवातीच्या गाड्यांत कातडी आसनं होती, पुढे उभ्या पट्ट्यांची चकचकीत जाळी होती, आणि पहिला गिअर टाकताना घर्रर्र आवाज झालाच पाहिजे अशी रचना होती. बॅटरीचं धन टोक गाडीच्या लोखंडी अंगाला जोडलेलं असे, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. मग कोणाला तरी शहाणपण सुचलं आणि ते फिरवलं. मग आसनं रेक्झिनची झाली. मग पुढची जाळी काळी करून आत दाबली, तेव्हा चाहते एवढे चिडले की तीन वर्षांत ती पुन्हा बदलावी लागली. शेवटी अमेरिकेच्या कायद्यासाठी पुढेमागे रबराचे जाड काळे बंपर बसवले आणि गाडी इंचभर उंच केली, म्हणजे सुटाखाली गमबूट. त्यानंतर कारखानाच बंद पडला. एका यंत्राच्या ऱ्हासाची ही गोष्ट आहे. पण अशा ऱ्हासाचा प्रत्येक टप्पा तोंडपाठ असणारी, साठी ओलांडलेली माणसं बव्हेरियात पुष्कळ आहेत, आणि त्यांचा एक फेरआइन आहे. फेरआइन म्हणजे मंडळ. जर्मनीत तीन माणसांना एकच छंद असला की त्यांचा अध्यक्ष होतो.

तो अध्यक्ष अंत्यविधीला आला होता. निवृत्त दंतवैद्य, पांढरी दाढी, कोटावर त्या गाडीचा पितळी बिल्ला. भुसावळहून नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेले सासरे हॉलमध्ये उभं राहून त्रिशरण म्हणत होते, तेव्हा अध्यक्ष खिडकीतून बाहेर, वाहनतळावरच्या गाड्यांकडे पाहत होता. नंतर त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. इथे पीएचडी केलेल्या बाईलाही फ्राऊ डॉक्टर, म्हणजे डॉक्टरबाई, म्हणतात.

"फ्राऊ डॉक्टर, गाडी आम्ही पूर्ण करू. त्याच्या आठवणीसाठी. उन्हाळ्याच्या मेळाव्यात ती उभी करू, शेजारी त्याचा फोटो."

मी हो म्हणाले. जूनअखेर गॅरेज पाडलं जाणार होतं, आणि मला त्या लोखंडाचं काय करायचं ते कळत नव्हतं. मला ती नजरेसमोर नको होती, हे जास्त खरं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही तिघे गॅरेजवर गेलो. इंजिन जागेवर बसलेलं होतं, तारा ओढलेल्या होत्या, चाकं होती. दारं, आसनं, जाळी आणि बाकी सगळं पिशव्यांत आणि खोक्यांत. स्टूल तिथेच होतं. सासरे त्यावर बसले नाहीत, उलट्या बादलीवर बसले.

अध्यक्षाने खिशातून दातांचा छोटा आरसा काढला आणि गाडीच्या तळाखाली धरला. जोडकाम पाहून "हं" म्हणाला. इंजिनाशेजारच्या भिंतीवर एक काळी डबी होती, डायनॅमोची वीज बॅटरीकडे जाऊ द्यायची की नाही ते ठरवणारी. तिच्यासमोर तो अक्षरशः वाकला. "ही मूळ आहे. झाकणासकट! आता अशी मिळत नाही." मग तो खोक्यांकडे वळला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. काळी दाबलेली जाळी निघाली. रेक्झिनची आसनं निघाली. एक दार एका काळातलं निघालं, दुसरं दुसऱ्याच काळातलं.

"आल्झो, तर मग," तो म्हणाला, "शरीराचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक एकाच जन्मदाखल्यावरचे आहेत का?"

कारखान्याच्या जुन्या वहीतल्या नोंदीला हे लोक खरोखरच जन्मदाखला म्हणतात.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मग मूळची कुठली, हेच कळत नाही." तो हसला. "हा बास्टर्ड आहे, फ्राऊ डॉक्टर. मनावर घेऊ नका, आमच्यात असंच म्हणतात."

आम्ही जर्मनीत आलो त्या पहिल्या वर्षी कोणीतरी आम्हाला मराठी मंडळाच्या गणपतीला नेलं होतं. एका बाईंनी ताटात मोदक वाढता वाढता आडनाव विचारलं. ऐकलं. "मूळचे कुठले?"

"भुसावळ," नवरा म्हणाला.

"हो, पण त्याआधी?"

"त्याआधीची फाइल सापडत नाहीये, काकू. सापडली की पाठवतो." आणि तो शांतपणे दुसरा मोदक मागून मोकळा झाला. बाईंनी तो लांबून वाढला.

परत येताना गाडीत मी रडले होते आणि तो शिट्टी वाजवत होता. त्यानंतर आम्ही त्या मंडळात गेलो नाही. आता या दुसऱ्या मंडळाचा अध्यक्ष माझ्यासमोर लोखंडाला तेच विचारत होता, तेवढ्याच गोड आवाजात. मला किळस आली. पण लगेच दुसरंही आठवलं. जुन्या पुस्तकाची हरवलेली पानं दुसऱ्या प्रतीतून काढून लावलेली असली, तर मी नोंदीत तसं लिहिते. लिहिताना माझं नाक मुरडलेलं असतं. वीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं, की ते पुस्तक कोणाला तरी शेवटपर्यंत वाचायचं होतं, म्हणून त्याने पानं शोधली असतील.

या विचाराने मी अध्यक्षावरच जास्त चिडले. त्याला त्या चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, मला येत होत्या. तो पिशवी उचलायचा, मी तुटकपणे सांगायचे, "स्क्रू", "दिवा", "नळी". जाळीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ही कोणालाच नको होती. म्हणून आणली." मी सांगितलं, "जाळी."

मग त्याने बॅटरीजवळच्या तारेला बांधलेला पुठ्ठा उचलला. त्यावर पाच-सहा ओळी होत्या, ठळक.

"हे महत्त्वाचं आहे का?"

वर लिहिलं होतं, "बाईसाहेब वाचत असतील तर: पाहा, शेवटी आलातच गॅरेजात!" ते वाचून माझे डोळे पुढे सरकले नाहीत. त्या माणसासमोर मला काही होऊ द्यायचं नव्हतं.

"बॅटरी," मी म्हणाले. "एवढंच आहे."

"गेनाऊ, बरोबर, ती तर दिसतेच आहे."

आसनं नंतरची, जाळी नंतरची, तेव्हा वीजही नंतरचीच, असा त्याने हिशेब केला. शिवाय डायनॅमोवाल्या जुन्या गाड्यांचीही टोकं आजकाल सगळ्यांनी फिरवून घेतलेली असतात. मूळ रूपाचा धर्म पाळणाऱ्या त्याच्या सगळ्या मित्रांनीसुद्धा, रेडिओ ऐकता यावा म्हणून. त्याने ऋण टोक बॉडीला जोडलं, डबाभर पेट्रोल ओतलं आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. अकरा वर्षांत मी त्याचा आवाज प्रथमच ऐकला. अध्यक्षाने एखाद्या संगीत-समीक्षकासारखे डोळे मिटले आणि पायाने इंजिनाचा वेग वाढवला. म्हणून धूर त्याला उशिरा दिसला. तो त्या काळ्या, मूळ, झाकणासकट असलेल्या डबीतून येत होता.

सासरे बादलीवरून उठले, त्याच्या हाताखालून हात घालून किल्ली बंद केली आणि तार ओढून काढली. मग पुठ्ठा हातभर लांब धरून वाचला. सगळा.

"सूनबाई," ते म्हणाले, "यात स्पष्ट लिहिलंय. धन टोक बॉडीला. उलटं लावू नये, डबी जळेल."

त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. आजपर्यंत नाही.

अध्यक्ष दाढी खाजवत होता. त्याचं मत त्याने तिथल्या तिथे दिलं: आता सगळ्या तारा नव्याने ओढाव्या लागतील, आणि अशा मिश्र गाडीवर एवढी मेहनत कोण घेणार? फेरआइनचं नाव तिला देता येणार नाही. त्यापेक्षा 'श्लाख्टेन' करावं. हा शब्द जर्मन लोक जनावर कापण्यासाठी वापरतात आणि गाडीचे भाग सुटे करून वाटण्यासाठीही. चांगले भाग चांगल्या गाड्यांना जातील, असं त्याचं म्हणणं. पुढच्या शनिवारी तो ट्रेलर घेऊन येऊ शकत होता.

"दाढीवाला काय म्हणतो?" सासऱ्यांनी विचारलं.

"बाबा, तो म्हणतो गाडी कापून टाकू."

"त्याला म्हणावं, आधी दाढी काप."

मी भाषांतर केलं नाही. एवढंच सांगितलं, की आम्ही विचार करून कळवू. तो गेल्यावर सासरे गाडीभोवती एकदा फिरले. ही गाडी त्यांना अजिबात आवडली नव्हती. "एवढ्याशा डब्याला एवढे स्क्रू! आमच्या मालगाडीच्या वॅगनला कमी असतात," ते म्हणाले. मग स्टुलाजवळ उभे राहिले.

"याने उघडून ठेवलंय, सूनबाई. असं उघडं ठेवून जात नाहीत."

"बाबा, अहो, तुमचं वय काय! आणि जूनअखेर व्हिसा संपतो."

"गॅरेजपण तेव्हाच संपतंय ना? मग तर बरोबर वेळ आहे. तू वाच, मी लावतो."

त्यांना वाचता येत होतं. फक्त जवळचं बारीक अक्षर दिसत नव्हतं, चष्मा मोतीबिंदूच्या आधीचा होता. तेव्हा दोन महिने, कामावरून सुटल्यावर आणि प्रत्येक शनिवारी, मी त्या गॅरेजात बसून नवऱ्याच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. हे काम मला आवडलं, असं कोणी समजू नये. माझ्या नखांत ग्रीस गेलं, ग्रंथालयात लोक माझ्या हातांकडे पाहायला लागले. आणि एवढं करून उभं काय राहणार होतं? गळका डबा. पण वाचताना मी एकही ओळ गाळली नाही. "उजवा दिवा. काच उलटी लावली तर समोरचा शिव्या देईल." "ही वायसर मी हरवली होती, सापडेपर्यंत चार दिवस बोललो नाही, तेव्हा बायकोला वाटलं तिच्यावर रागावलोय." यावर सासरे थांबले. "खरंच वाटलं होतं?" मी म्हणाले, "हो. मीपण चार दिवस बोलले नाही." "एका वायसरीपायी," ते म्हणाले, आणि हसता हसता पाना खाली ठेवून नाक पुसलं.

जळलेली डबी त्यांनी उघडली. आत तांब्याची दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती पात्याने सोडवली, बारीक कानशीने घासली, एक तार बदलली. डायनॅमोच्या पुठ्ठ्यावर सूचना होती, की उलटी वीज गेली असेल तर त्याला पुन्हा दिशा द्यावी: बॅटरी बरोबर जोडायची आणि तिच्या जिवंत टोकाची तार डायनॅमोच्या छोट्या टोकाला क्षणभर टेकवायची. सासऱ्यांनी टेकवली. ठिणगी उडाली. "झालं. शिकला," ते म्हणाले. म्हणजे कोणीतरी उलटं लावणार, हे नवऱ्याने धरूनच ठेवलं होतं. माझ्याबद्दल त्याला फार भ्रम नव्हते.

'हा स्क्रू कुठला ते नंतर आठवेल' तेवढा उरला. सगळं बसल्यावरही त्याला जागा सापडली नाही.

जुन्या गाड्यांची खास नंबरपाटी मिळवायला तपासनीसाचा दाखला लागतो. तिथपर्यंत गाडी न्यायची कशी? मी अध्यक्षाला फोन केला. तो ट्रेलर घेऊन लगेच आला. मदतीसाठी आला असावा असं मला वाटत नाही, त्याला ती नापास होताना पाहायची होती. वाटेत तो सासऱ्यांना जाळीच्या तीन पिढ्या समजावून सांगत होता, जर्मनमध्ये. सासरे प्रत्येक वाक्याला जर्मन होकार देत "जा, जा" म्हणत होते आणि खिशातले शेंगदाणे खात होते.

तपासनीस तरुण होता आणि त्याला जेवायला जायची घाई होती. त्याने जोडकामाला हातोडीने ठोकून पाहिलं, ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. अध्यक्षाने आवर्जून सांगितलं, की जाळी, आसनं आणि डावं दार वेगवेगळ्या वर्षांची आहेत.

"याच मॉडेलचं आहे ना?"

"हो, पण..."

"आणि सगळं जुन्या काळातलंच?"

"गेनाऊ, तरीपण..."

"मग मला चालतं." त्याने लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता त्याला बॅटरीजवळचा पुठ्ठा दिसला, तो आम्ही काढला नव्हता. "इथे काय लिहिलंय?"

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून वाचलं, मराठीत, मोठ्याने, आणि मग त्याला जर्मनमध्ये सांगितलं: "माझ्या नवऱ्याला आनंद झालाय की मी शेवटी गॅरेजात आले. आणि बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडायचं. उलटं लावू नये. यावर विश्वास ठेवा."

अध्यक्षाने आपल्या बुटांकडे पाहिलं. तपासनीसाने "चांगलं लिहिलंय" असं म्हणून शिक्का मारला आणि जेवायला गेला.

तीन दिवसांनी सासऱ्यांचं विमान होतं. विमानतळावर त्यांनी मला तो जागा न सापडलेला स्क्रू परत दिला, चिठ्ठीसकट. "नंतर आठवेल," ते म्हणाले. गॅरेज आता नाही. तिथे सायकली ठेवायची शेड झाली आहे. मेळाव्याचं आमंत्रण आलं होतं, शेवटी एक ओळ हाताने लिहिलेली, की गाडी 'पाहुणी' म्हणून उभी करायला हरकत नाही. मी उत्तर दिलं नाही.

गाडी आमच्या इमारतीमागच्या आवारात कापडाखाली उभी आहे. पाऊस झाला की डाव्या बाजूने आत पाणी जातं आणि मी खाली जाऊन ते फडक्याने पुसते. मला गाडी चालवता येत नाही. बॅटरी बरोबर जोडलेली आहे.